सातची सुई

आमच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहते. अंगाने काडी, ओठांत सदा टाचण्या, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणतात. मापाच्या बाबतीत कोणाची भीडभाड नाही. "वहिनी, श्वास ओढून धरू नका, टेप खोटं बोलत नाही," असं मला तोंडावर सांगते.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला, पोटाची चिमट धरून, रक्त पातळ ठेवणारी सुई. स्वतःच टोचून घ्यायची. एकही चुकवली नाही, आणि तिथेच चुकली. दुपारपासून पोटात दुखत होतं, त्या कळा आहेत हे ध्यानात आलं नाही. सातला हात सवयीने डब्याकडे गेला. तासाभरात दवाखान्यात. नुकतीच सुई घेतलेली, म्हणून पाठीत भूल देता येईना. रक्त थांबता थांबेना, मुलगी बाहेर येतानाच हिची शुद्ध गेली. डोळे उघडले तेव्हा मुलगी येऊन गेलीही होती. नाळेचा फास बसला होता, सुईचा दोष नाही, हे डॉक्टरीणबाईंनी कितीदा समजावलं. टाचणीचा प्रश्न एकच, "ती रडली होती का?" नवरा म्हणतो, थोडीशी. सासू म्हणते, नाही.

यंदा पुन्हा दिवस गेले, पुन्हा तीच सुई. नववा सरत आला तशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कळांची वाट बघायची, की दिवस ठरवून औषधाने आणायच्या? ठरवलं तर रविवारची सुई घ्यायची नाही, सोमवारी सकाळी भरती. वाट बघायची तर जरा दुखलं तरी सुई न घेता थेट यायचं.

"फळ पिकलं की आपसूक गळतं," सासूबाई म्हणाल्या. "ओढून कशाला तोडायचं?"

"आई, मागच्या वेळी आपसूकच गळलं होतं," टाचणी म्हणाली.

सासूबाई कणीक मळत राहिल्या.

मला मात्र ती जिन्यात म्हणाली, "एक दिवस सुई नाही, तेवढ्यात पुन्हा गुठळी झाली तर? बाई म्हणतात, धोका थोडा आहे. थोडा म्हणजे किती बोटं?" मग स्वतःच म्हणाली, "पण वाट बघितली तर रोज सातला हे दुखणं कसलं ते मलाच ओळखायचंय. माझा माझ्यावर भरवसा नाही, वहिनी. मला ह्या वेळी जागं राहायचंय." सोमवार ठरला.

रविवारी दुपारी तिने सुयांचा डबा माझ्या हातात दिला. "कुलपात ठेवा. मी मागितला तरी देऊ नका."

सातला पाच कमी असताना दार वाजलं.

"द्या."

"नाही देणार."

"वहिनी, पाय जड वाटतोय."

मी तिला खुर्चीत बसवलं, दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. सूज नव्हती. तरी तिच्याकडून दवाखान्यात फोन लावून घेतला. तिकडून प्रश्न झाले, उत्तरं झाली, सकाळी या म्हणाले. सात वाजले. तिची बोटं पोटाची चिमट धरून तशीच राहिली, सव्वासातपर्यंत. मग तिने हात सोडला.

मंगळवारी तिचाच फोन आला. मागे बाळ टाहो फोडत होतं.

"मुलगा. मी जागी होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत." मग आवाज उतरला. "वहिनी, नीट ऐकून सांगा. एकच रडतंय ना?"

"एकच गं."

"मला दोन ऐकू येतात."