फोटोनं खाल्लेलं बटण

“हिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय,” हॉटेलचे मालक काउंटरवर हात आपटत म्हणाले. “नको ते दाबती अन् प्रोग्राम बिघडवती.”

रिसेप्शनवरच्या सुनीताताई खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभ्या होत्या. “मी काय बी दाबलं न्हाई, सर. सकाळी प्रोग्राम उघडला तर बिलाचं बटणच न्हाई.”

माझ्यासोबत आलेले आमचे साहेब लगेच म्हणाले, “यूजर एरर हो. आमचं सॉफ्टवेअर पक्कं आहे.”

माझं डोकं सणकलं. सॉफ्टवेअर मी लिहिलंय. वापरणाऱ्याच्या हातून बटण गायब होईल अशी सोयच त्यात नाही. आई पाथर्डीहून ऊसतोडीला जायची. न केलेल्या चुकीवरून मुकादमाचं ऐकून घेताना मी तिला पाहिलंय. कॉलेज शिकलो ते पुन्हा तसंच गप्प उभं राहायला नाही.

मी खुर्चीत बसलो. प्रोग्राम पायथन भाषेतला, पडदा टीकिंटर या तिच्याच साधनानं मांडलेला. पडद्यावरचं बटण, रकाना, फोटो, प्रत्येकाला विजेट म्हणतात. टीकिंटर त्यांना ओळीनं जागा देतं. आधी मांडलेल्याला हवी तेवढी, शेवटच्याला उरली तर. नाही उरली तर ते दिसतच नाही. एररही येत नाही.

कोड जसाच्या तसा होता. मग पडदा नीट पाहिला. वरती मालक ज्यांना देव मानतात त्या बाबांचा फोटो. मी तळहाताएवढा ठेवला होता, आता त्यानं अर्धा स्क्रीन व्यापला होता.

“फोटो कुणी बदलला?”

“काल संध्याकाळी तुमच्याच साहेबांनी,” सुनीताताई म्हणाल्या. “मालक म्हनले, बाबा लई बारीक दिसत्यात. साहेबांनी पेनड्राइव्ह लावला.”

साहेब मोबाईलमध्ये बघायला लागले.

मी बटणांची पट्टी आधी मांडली, तळाशी. फोटो शेवटी, आकार बांधून. प्रोग्राम उघडला. बटण हजर.

“मग यांनी काय दाबलं होतं, साहेब?” मी मुद्दाम मालकांसमोर विचारलं.

“झालं ना काम? सोड आता.”

“माझं झालं. यांच्या नोकरीचं काय?”

मालकांनी मला खुर्चीतून उठायची खूण केली. “बस बाई जाग्यावर. गिऱ्हाईक थांबलंय.”

गाडीत साहेब उसळले. “क्लायंटसमोर आपल्याच माणसाला उघडं पाडतोस?”

“त्याच क्लायंटसमोर तुम्ही त्यांना खोटं पाडलंत.”



सुनीताताई अजून तिथंच आहेत. माफी त्यांची कुणीच मागितली नाही. मी मात्र तेव्हापासून कामाची बटणं आधी मांडतो, शोभेचं नंतर. आणि फोटोचं फोल्डर आता साहेबांच्या पासवर्डनं उघडत नाही.