कूलंट प्यालेला कुत्रा

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे काही लिहायला बसले की विषय मोठा हवा, असं उगाच वाटतं. हा विषय एका कुत्र्याचा आहे. पण माझ्या मनात ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त कृतज्ञता आहे, ती दोन माणसं याच्यामुळेच मला नीट कळली, म्हणून लिहिते.

हळद शिजवायचे दिवस होते. मी हिंगोलीहून सुटीला कुरुंद्याजवळच्या आमच्या गावी आले होते. वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा पाइप गळत होता. त्यांनी इंजिन थंड ठेवणारं आतलं हिरवं कूलंट घमेल्यात काढलं, वर पोतं टाकलं आणि नवा पाइप आणायला वसमतला गेले. पाइप बसला की तेच कूलंट परत ओतायचं. आमच्याकडे सगळे असंच करतात. चांगली वस्तू मातीत कोण ओततं?

थोड्या वेळाने आमचा कुत्रा अंगणात झोकांड्या खाताना दिसला. मागचे पाय एकीकडे, तोंड दुसरीकडे. बसायला गेला आणि कलंडला.

आईने लगेच गुन्हेगार ठरवला. समोरच्या घरातले काका पितात, हे गावाला ठाऊक आहे. आईने बायकांचा मोर्चा नेऊन गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं. त्या दिवशी आईच त्यांच्या दारात गेली.

"काहून हो भावजी, माणसं कमी पडली का? आता मुक्या जनावराला पाजून राहिले!"

काका बाजेवर शेंगा फोडत बसले होते. "देवाशपथ न्हाई, वहिनी. सख्ख्या मेव्हण्याला थेंब देत न्हाई मी, कुत्र्याला देईन व्हय?"

"मग ते काहून झुलून राहिलं?"

"त्यालाच इचारा. न्हाई सांगितलं तर मोर्चा काढा."

असं म्हणत ते उठून आलेच. वाकून त्यांनी कुत्र्याच्या तोंडाचा वास घेतला. "ही दारू न्हाई," ते म्हणाले. या बाबतीत त्यांचा शब्द मानणं भाग होतं. मग मला कुत्र्याच्या मिशांना लागलेली हिरवट ओल दिसली. पळत जाऊन पाहिलं, तर घमेल्यावरचं पोतं सरकलेलं होतं आणि कूलंट बरंच कमी झालेलं होतं.

गायीमुळे जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आमच्याकडे होता. मी चाचरत सगळं सांगितलं. ते म्हणाले, कूलंट गोड लागतं, म्हणून जनावरं चाटतात. पोटात गेल्यावर शरीरातच त्याचं जहर बनतं आणि किडन्या निकामी होतात. दारू दिली तर ते जहर बनायचं थांबतं. "कुत्रा लगेच घेऊन या. त्यावरचं खास औषध माझ्याकडं नाही. दारूची सीलबंद बाटली आणा, हातभट्टीची नको. अन् तुम्ही पाजू नका, वजन बघून मीच देतो."

मी आईला सांगितलं. दारूचं दुसरं दुकान पार हायवेला, डॉक्टरांच्या उलट्या दिशेला. आई डोक्यावरचा पदर सारखा करून काकांकडे वळली.

"भावजी, सीलबंद हाये का एखादी?"

"आज सूर्य कुणीकडून उगवला म्हणायचा?"

"थट्टा मागून करा. लेकरू मरून राहिलं."

काकांचं हसू गेलं. आत जाऊन त्यांनी बाटली आणली आणि मोटारसायकलची किल्लीही. आई त्यांच्याकडे निरखून पाहायला लागली, तसे म्हणाले, "आज घेतली न्हाई अजून. बसा."

काका पुढे, मधे मी मांडीवर कुत्रा घेऊन, मागे आई. तिच्या पदराआड बाटली. पारावरून कुणी तरी ओरडलं, "वहिनी, दारूबंदीचा ठराव फिरला काय?" आईचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

डॉक्टरांनी मोजून दारू दिली, सलाईन लावलं. "आता लघवीवर ध्यान ठेवा," ते म्हणाले. "लघवी होत राहिली तर किडन्या वाचल्या." उरलेली बाटली त्यांनी आईच्या हातात दिली. आईने ती पदराने पुसली आणि काकांना परत केली. ज्या हातांनी तिने मोर्चाच्या दिवशी दुकानातल्या बाटल्या फोडल्या होत्या, तेच हात. तिला ते किती जड गेलं असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही.

पुढेही सलाईनसाठी जावं लागलं. काका न सांगता गाडी काढून दारात उभे राहायचे. वडिलांनी कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून उंच ठेवलं. कुत्रा पडून असायचा, डोळे उघडून आमच्याकडे बघायचा आणि परत मिटायचा. मोकळा झाला तरी थेंबभरच. आम्ही सगळे एका कुत्र्याच्या लघवीची वाट बघत होतो.

मग एका सकाळी तो आपला आपण उठला. गोठ्याच्या भिंतीपर्यंत हळूहळू गेला, पाय वर केला, तोल गेला, परत उचलला. आणि धार लागली. थांबेचना.

आई शेणाच्या हातानेच रस्त्यावर धावली. "भावजी! मुतलं! चांगलं मुतलं!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं. काका तोंडात मंजन घेऊन बाहेर आले. बोलता येईना, म्हणून नुसते दोन्ही हात वर केले.

"चूळ भरा," आई म्हणाली, "अन् चहाला या."