मॅनेजरकीचा आग्रह

आमच्याकडे पंगतीत बसलेला माणूस दुसऱ्या वाढीला ताटावर आडवा हात धरतो. तो "नको नको" म्हणतो, वाढणारा "घ्या ना बाप्पा" म्हणतो, आणि मग पुरी ताटात पडते. मानाचंही तसंच. मंडईच्या जत्रेचं अध्यक्षपद असो की लग्नातला मानाचा फेटा, ज्याला विचारलं त्याने आधी नाही म्हणायचं, लोकांनी आग्रह करायचा, मग त्याने नाइलाज झाल्याचं तोंड करून हो म्हणायचं. पटकन हो म्हणेल तो हावरट. हे मी लहानपणापासून पाहत आलो आणि यातच माझा घात झाला.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे हायवेला लागून आमचं गाव. गावाचा फुटबॉल क्लब जुना आणि त्या साली पार रसातळाला गेलेला. आसपासच्या एकाही टूर्नामेंटमध्ये पहिली फेरी ओलांडली नव्हती. पोरं सरावाला येईनात. त्यात जुने मॅनेजर मुलाकडे नागपूरला राहायला गेले. मी याच क्लबकडून आयुष्यभर बॅकला खेळलो, गुडघे गेल्यावर शिकवू लागलो. भंडाऱ्याहून ड्युटी सुटली की घरी न जाता थेट ग्राउंडवर. बायको म्हणायची, "अंथरून तिकडंच नेऊन टाका." पण कोण खेळणार, कुठे खेळणार हे मॅनेजर ठरवतो, शिकवणाऱ्याला कोणी विचारत नाही. ते पद मला हवं होतं. फार हवं होतं, सांगायला लाज कसली.

दिवाळीनंतरची मंडई झाली आणि क्लबच्या अध्यक्षांच्या राईस मिलमध्ये बैठक बसली. चहा झाल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"भाऊ, तुमीच व्हा ना आता मॅनेजर."

पण रीत ती रीत. मी म्हणालो, "नाही बाप्पा, मले कायले? एखादा जवान पाहा ना."

आणि आग्रहाची वाट पाहत बसलो.

"भाऊ नाही म्हनून राहिले, तं जबरदस्ती कायले करा?" अध्यक्ष म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या आपल्या साळ्याला, बायकोच्या भावाला, विचारलं, "तू होशील का गा?"

"होतो ना," साळा म्हणाला.

"याले म्हनते हिंमत," कोणीतरी बोललं आणि टाळ्या पडल्या. ज्यांना मी बुटाची नाडी बांधायला शिकवलं तेही वाजवत होते. मीही वाजवल्या.

साळ्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. फुटबॉल त्याने टीव्हीवर पाहिलेला. आमच्या सगळ्यात वेगवान विंगरला त्याने मागे बॅकला टाकलं, कारण पुढे त्याच्या चुलतभावाला खेळायचं होतं. अड्याळच्या पोरांनी आमची चाळणी केली, आणि हा सावलीत खुर्ची टाकून "मार ना बे" ओरडत होता. नंतर लोक मला गाठून सांगत, "भाऊ, तुमी असते तं गोष्ट अलग होती. पन तुमीच नाही म्हनलं." हरण्यापेक्षा या बोलण्याने माझं डोकं जास्त फिरायचं. माझं ते नाही कसलं होतं, हे त्या मिलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

पुढच्या मंडईनंतर पुन्हा बैठक झाली. या खेपेस मी ठरवूनच गेलो होतो.

"भाऊ, यंदा तुमी होता का?" अध्यक्षांनी विचारलं.

"होतो," मी म्हणालो.

एकाने मान खाली घालून हसू दाबलं. मागून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, मला ऐकू येईल असं, "भाऊ तं गुडघ्याले बाशिंग बांधूनच आले."

"पाहू," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्याइचं मत घेऊ."

तोवर साळा हात जोडून उभा राहिला. "मले माफ करा. माह्याच्यानं झालं नाही. आता मले नको."

मग काय, जो तो त्याची समजूत घालू लागला. हार-जीत चालायचीच, चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं, असं सगळं झालं. बराच वेळ आढेवेढे घेऊन तो एकदाचा तयार झाला.

शाल-नारळ द्यायला ज्येष्ठ खेळाडू म्हणून मलाच पुकारलं. नाही म्हणावं, असं ओठावर आलं होतं. पण यांनी तेही लगेच मान्य केलं असतं. मी उठलो आणि शाल घातली.