हार्डकोर पंक आणि आमचे तीन कामगार

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, भल्याभल्या सरकारांना जे जमलं नाही ते कोसाडच्या आमच्या दोन खोल्यांत एका रविवारी दुपारी घडलं. हार्डकोर पंक हरलं. हरवणारा मी.

माझी मुलगी तेजल एम.ए. करते. तिला प्रबंधासाठी विषय हवा होता, एका जुन्या परदेशी पंक अल्बमचा, म्हणजे चिडून किंचाळत म्हटलेल्या गाण्यांचा, वारसा. युद्ध, सरकार, कारखानदार, त्यात कोणालाही सोडलेलं नाही.

"पप्पा, त्यानंतर जगात ज्याने ज्याने चिडून गिटार उचललं, तो यांचाच वारस," ती म्हणाली. "आजही हे ऐकून कामगार पेटून उठेल."

हेच तिने प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, 'कामगारांना ऐकवून दाखव. मी घरी येते. पटलं तर तिथेच सही.'

"कामगार ना? घरात तीन आहेत!" मी छाती पुढे काढली. मी, माझे वडील आप्पा आणि माझा मेव्हणा सुदाम. तिघांचंही आयुष्य पांडेसऱ्यात, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात गेलेलं. तयारी मी स्वतःकडे घेतली (इथेच तेजलचं नशीब फिरलं).

"गाणं संपलं की मूठ वर करायची," मी सुदामला शिकवलं.

"कोणाच्या विरोधात?"

"सगळ्यांच्या."

"शेठच्या पण? मग मला नको दाजी. उद्या पहिली पाळी आहे."

मॅडम आल्या, खुर्चीत बसल्या, मांडीवर मंजुरीचा कागद. आम्ही तिघे समोर सतरंजीवर. तेजलने आवाज पूर्ण सोडला. ढोल असे सुटले की कपाटातल्या वाट्या नाचायला लागल्या.

आप्पांनी बिघडलेला लूम ऐकावा तसे कान टवकारले. "ह्या मशीनना पट्टा ढिला शे."

"नाही आप्पा, लूमचा धोटा आपटतोय," सुदाम म्हणाला.

"शांतपणे ऐका ना," तेजल कळवळली.

आम्ही ऐकलं. इतकं शांतपणे ऐकलं की दुसऱ्या गाण्यात आप्पा कलंडले, तिसऱ्यात सुदाम घोरायला लागला. त्यांना जागं करायचं म्हणून मी वळलो आणि आप्पांच्याच खांद्यावर लवंडलो. आता यात आमचा काय दोष? बारा-बारा तास शेकडो लूमचा खडखडाट ऐकलेली माणसं आम्ही. जेवणाच्या सुट्टीत डुलकी काढायची तीही चालू मशीनशेजारी; मशीन थांबलं तरच जाग यायची. कारखाना सोडल्यापासून आप्पांना या शांत कॉलनीत दुपारची झोप म्हणून लागत नव्हती. त्या गाणाऱ्या पोरांच्या संतापाने ती लागली!

अर्ध्या तासाने अल्बम संपला. घर एकदम चिडीचूप झालं.

आणि आम्ही तिघेही एका क्षणात ताडकन उभे राहिलो.

तेजल सांगते की आमचे डोळे लाल होते आणि मुठी आवळलेल्या. मॅडम भारावून गेल्या. "देखा? उठ गए," असं म्हणत त्यांनी पेन उघडलं. (तेजल आता भजनी मंडळांवर प्रबंध लिहिते. माझ्याशी बोलते, पण मोजकंच.) पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात मी अर्धवट झोपेत, अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा ओरडलो,

"लाईट गेली रे! पळा, शेठला फोन लावा, बिचाऱ्याचं नुकसान होतंय!"