रांग नसलेल्या रात्रीचं तिकीट

पार्कच्या रात्रीच्या खास तिकिटाचे पैसे वसूल होतात का, असं ऑफिसात मला बरेच जण विचारतात, आणि मी त्यांना धपाट्यांपासून सांगायला सुरुवात करतो. त्यामुळे आजवर कुणालाच नीट उत्तर मिळालेलं नाही.

मी लातुरात वीजबिल भरून घेण्याच्या खिडकीवर बसतो. खिडकीच्या आत! बावीस वर्षं मी रांग बघत आलोय, पण ती समोरून. रांगेतला माणूस कसा चुळबुळतो, कसा पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतो, 'मी इथंच होतो की' म्हणत कसा मध्येच उगवतो, सगळं मला तोंडपाठ आहे. म्हणूनच स्वतः रांगेत उभं राहायचं म्हटलं की माझ्या पायात गोळे येतात.

आयुष्यात एकदाच मी मन लावून रांगेत उभा राहिलो होतो. आमची एकुलती एक प्रज्ञा तेव्हा सहावीत होती. मे महिन्यातला रविवार, अहमदपूर रस्त्यावरचा तो पार्क, आणि तिथल्या जहाजासमोर अख्खा मराठवाडा. (जहाज म्हणजे पाण्यातलं नव्हे. खांबांना टांगलेला चाळीस माणसांचा झोका. अर्धा आभाळात जातो आणि तुमचं काळीज तिथंच ठेवून परत येतो.) बापलेक दोन तास उन्हात उभे राहिलो. आमचा नंबर आला आणि तिथल्या माणसानं साखळी लावली. "झालं बंद. टाईम संपला."

प्रज्ञा ती साखळी सोडेना. मी घाईघाईनं म्हणालो, "रडू नको. तुला पुन्हा आणतो. पुढं एकही माणूस नसंल, असं आणतो. आपण दोघं बसू."

शब्द देताना माणसाचा हात सैल असतो. पुढं सातवी, आठवी, मग 'दहावी होऊ दे', मग 'बारावी होऊ दे'. लातुरात बारावीपर्यंत पोरांना घर आणि क्लास एवढाच रस्ता माहीत असतो. यंदा तिला नागपूरला प्रवेश मिळाला. सोमवारी रात्री निघायचं ठरलं, आणि माझ्या लक्षात आलं की आपल्या खिडकीवर एक बिल सहा वर्षं थकलंय.

नेमकी तेव्हाच मोबाईलवर जाहिरात आली. पौर्णिमा स्पेशल! शनिवारी संध्याकाळी सात ते अकरा, मोजकीच माणसं, कुठंही रांग नाही! तिकीट फक्त दिवसाच्या तिप्पट.

"तिप्पट?" आमची सुनीता म्हणाली. "आन् त्यात जास्तीचं काय देतेत?"

"रांग न्हाई."

"म्हणजे जे न्हाईच, त्याचे पैसे?"

मी 'तुला न्हाई कळायचं' असं म्हणून तिकिटं काढली. चार. कारण माझी आईपण निघाली. पौर्णिमा असल्यामुळे तिचा उपोसथ होता, आम्हा बौद्धांचं व्रत, म्हणजे दुपारी बारानंतर पोटात काही घ्यायचं नाही. "मी बाकड्यावर बसते गं चांदण्यात," ती म्हणाली. "घरी तरी कोण हाय बोलायला?"

म्हणजे खाणारे आम्ही तिघं. सुनीतानं धपाटे केले चाळीस. वर शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा आणि ठेचा. "वाटेत कुणी भेटलं तर?" हे तिचं कायमचं कारण. आजपर्यंत वाटेत कुणी भेटलेलं नाही, पण धपाट्यांची संख्या कमी झालेली नाही.

ऑटोवाला आम्हाला सोडून गेला. आता तो थेट अकराला येणार होता. आम्ही फाटकात पोचलो आणि वॉचमननं हात आडवा केला.

"बाहेरचं खायाचं आत न्हाई जात."

"मग तुमच्याकडं ठेवा."

"ठेवा की भिंतीला. पण त्यांची जबाबदारी माझी न्हाई." त्यानं बोट दाखवलं. भिंतीला लागून सहा कुत्री ओळीनं बसली होती. अजिबात घाई नव्हती त्यांना. रोजची गिऱ्हाइकं असावीत.

"मग तुम्हीच खा, दादा," सुनीता म्हणाली.

वॉचमननं हात जोडले. तो हदगावकडचा होता. "ताई, सहा वाजल्यापासून खाऊनच राहिलो ना मी! नऊ घरचे डबे झाले. आता पट्टा लागत न्हाई."

आई फाटकासमोरच्या दगडावर बसली आणि तिनं निकाल दिला. "अन्न टाकायचं न्हाई. बसा. संपवा, मग जा आत."

आणि आम्ही बसलो! तिप्पट पैसे मोजून, झगझगीत दिव्यांच्या फाटकाबाहेर, मातीत मांडी घालून. आजूबाजूला पाहिलं तर तिकीट काढलेली सगळी जनता तशीच बसलेली. कुणाच्या दशम्या, कुणाची खिचडी, कुणाच्या पुऱ्या. शेजारी नांदेडचं एक कुटुंब होतं. त्यातले गृहस्थ घामाघूम होऊन म्हणाले, "सायेब, आमचा मसालेभात घ्या जरा. संपंना झालाय." आम्ही त्यांना सहा धपाटे दिले, त्यांनी आम्हाला भाताचं अख्खं पातेलं दिलं. मदत म्हणून मी तेही संपवलं. धपाटे मी चौदा खाल्ले. पंधरावा आईकडं बघत खाल्ला, तर ती म्हणाली, "आजून चार हायेत."

आत शिरलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते.

आणि आत खरोखर रांग नव्हती! पाळणे रिकामे फिरत होते. झोके चालवणारी माणसं दारात उभी राहून, लग्नात जेवायला बोलवावं तशी बोलावत होती. "या साहेब, बसा की. कितीबी वेळा बसा." जहाजासमोर एकही माणूस नव्हता. मी छाती पुढं काढून (पोट आधीच पुढं होतं) प्रज्ञाला म्हणालो, "बघ. सांगितलं होतं का न्हाई? पुढं एकबी माणूस न्हाई!"

ती हसली, पण जरा जपून. तिनंही नऊ खाल्ले होते.

आम्ही बसलो. चालवणाऱ्यानं मांडीवरचा लोखंडी दांडा खाली ओढला. तो माझ्या पोटावर येऊन थांबला.

"साहेब, श्वास आत घ्या."

"घेतलाय."

"मग सोडू नका."

खट्कन दांडा बसला आणि जहाज निघालं. पहिल्या झोक्याला मसालेभात हलला. दुसऱ्याला दही. तिसऱ्याच्या आधीच मी बुडणाऱ्या माणसासारखा हात वर केला. प्रज्ञाचा हात माझ्याही आधी वर गेला होता. सहा वर्षांचा शब्द अडीच झोक्यांत आटोपून बापलेक एकमेकांना धरत खाली उतरलो. जे तिच्यासाठी करायचं म्हणून एवढी वर्षं डोक्यात होतं, ते असं झालं. मला तिच्याकडं बघवेना.

तेवढ्यात आईनं पदर खोचला. "तिकिटाचे पैसे दिलेत न्हवं? मग ते रिकामं का जायलंय? मी बसते."

"आई, उपोसथ हाय ना तुमचा?" सुनीता घाबरली. "उंच आसनावर बसायचं न्हाई म्हणतेत की आज."

आईनं आभाळात गेलेल्या जहाजाकडं नीट पाहिलं. "उंच कुठंय? वर जातंय तसं खालीबी येतंय की!"

आणि सत्तरीची माझी आई त्या चाळीस माणसांच्या जहाजात एकटी बसली. पांढरं लुगडं, वर पौर्णिमा. अख्ख्या पार्कात तिचं एकटीचंच पोट रिकामं होतं. ती वर गेली की तिकडून ओरडायची, "आगं सुनीता, आपल्या अहमदपूरचे दिवे दिसायलेत!" पाळण्यात चार वेळा, फिरत्या कपबशीत तीन वेळा, आणि जहाजात किती वेळा ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. गाण्यांच्या मंडपापुढून जाताना मात्र ती दोन्ही कानांवर पदर घट्ट धरायची. उपोसथाला गाणं ऐकायचं नसतं, आणि नियम म्हणजे नियम.

बाकीची माणसं कुठं गेली, हे मला जरा वेळानं कळलं. पार्कात लिंबू-सोड्याची गाडी एकच होती, आणि फाटकाबाहेर डबे संपवलेला सगळा जिल्हा तिच्यापुढं उभा होता. रांग कारंज्याला वळसा घालून पार भुताच्या घरापर्यंत पोचली होती! नांदेडचे गृहस्थ पोट धरून मध्यावर उभे होते. मला बघून त्यांनी मान फिरवली. बहुतेक धपाटे आठवले असावेत.

सुनीता बाकड्यावर आडवी झाली होती. मी आणि प्रज्ञा रांगेच्या शेवटी उभे राहिलो.

"सॉरी गं," मी म्हणालो. "रांग नको म्हणून तर आलो होतो."

प्रज्ञा एक पाऊल पुढं सरकली. मग म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी जहाजाच्या रांगेत तुम्ही स्वतः आठवीत नापास झाल्याचं मला सांगितलं होतं, आठवतंय? निकाल लागल्यावर तुम्ही दिवसभर कडब्याच्या गंजीमागं लपून बसला होता ते?"

"ते तुझ्या लक्षात हाय?"

"सगळं हाय. माझ्यावर सावली पडावी म्हणून तुम्ही दोन तास सूर्याच्या बाजूला उभे राहिला होता, ते बी. जहाजाचं काही विशेष नव्हतं हो. त्याच्यानंतर एवढं एका दमात तुम्ही कधी बोललाच न्हाई."

बावीस वर्षं मी खिडकीतून लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणत आलोय. घरी येऊनही बहुतेक तेच म्हणत होतो. दहावी झाली, पुढं सरक. बारावी झाली, पुढं सरक.

"पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "मला नागपूरला जायची भीती वाटायलीय. आईला सांगितलं तर ती रडंल."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं, की हे तिनं मला सांगितलं. मी म्हणालो, "मलाबी वाटायलीय. तू गेल्यावर घरात आम्ही तिघंच, आन् धपाटे चाळीस."

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. मग मी तिला लातुरात पहिल्यांदा खोली घेऊन राहिलो तेव्हाचं सांगितलं. भात करपवायचो, रात्री दिवा न विझवता झोपायचो, आणि आईची आठवण आली की एसटी स्टँडवर जाऊन अहमदपूरची गाडी नुसती बघून यायचो. तिनं तिच्या क्लासातलं काय काय सांगितलं, त्यातलं निम्मं मला नवं होतं. रांग पुढं सरकत होती. एकाएकी पाहिलं तर आमच्या पुढं एकही माणूस नव्हता.

"बोला, किती?" सोडेवाला म्हणाला.

मी मागच्या माणसाला म्हणालो, "घ्या, आधी तुम्ही घ्या." त्याच्यानंतरच्यालाही तेच. असे सात जण गेले. प्रज्ञा माझ्या दंडाला धरून उभी राहिली. शेवटी लांबून सुनीताचा आवाज आला, "अहो, लिंबू आणायला गेलाव का लावायला?"

अकरा वाजता भोंगा झाला. जहाजाला साखळी लागली. आई उतरली, आमच्या तिघांच्या पिवळ्या तोंडांकडं पाहून म्हणाली, "लई स्वस्तात झालं बाबा!"

सोमवारी रात्री प्रज्ञा गेली. बस सुटताना खिडकीतून ओरडली, "पप्पा, जहाज बाकी हाय बरं का! पण रविवारी दुपारी जायचं, गर्दीत!"

मंगळवारी मी कामावर बसलो. समोर हीऽऽ रांग. सगळ्यात पुढं एक बाप आणि त्याची शाळेच्या गणवेशातली लेक. तो तिला हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि ती मान वर करून ऐकत होती. म्हटलं, बोलू दे बिचाऱ्यांना. त्याची नोट मी उजेडात धरून पाहिली. बिल दोनदा वाचलं. शिक्का शोधला, सापडला, तरी आणखी थोडा शोधला.

तो माणूस खिडकीवर थाप मारून ओरडला, "ओ सायेब, झोपलाव का? हात चालवा की जरा! हिची शाळा बुडायलीय!"