मास्तरांचं पान

सिंफनीतला एखादा तुकडा पितळी वाद्यांसाठी बसवायचा असला की मी आधी यादी करते. कोणाचा सूर कुठवर चढतो, कोणाला कुठे श्वास लागतो, कोण ऐन वेळी खोकतो. यादीतलं पहिलं नावच अडचणीचं असतं: आमच्या वाद्यवृंदाचे प्रमुख, कॉर्नेट हे छोटं ट्रम्पेट वाजवणारे मास्तर.

मूळ चाल व्हायोलिनची असो की बासरीची, ती मास्तरांनाच हवी. रत्नागिरीत आपल्याखेरीज कोणाला संगीत कळत नाही, असं ते सांगतात आणि रत्नागिरी निमूट ऐकून घेते. मी त्यांना पानं निवडताना जवळून पाहिलं आहे. ते सूर वाचतच नाहीत. कुठल्या पानावर सुरांच्या खुणांचं काळं जास्त, एवढंच बघतात. तेच मुख्य.

युफोनियम हे खर्जातलं मोठं पितळी वाद्य वाजवणारे आमचे युफोनियमवाले पावसचे बागायतदार. इतकी वर्षं मास्तरांच्या मागे पों-पों करत आलेले. त्यांचे पुढचे दोन दात हलायला लागले होते आणि आंब्याची गडबड सुरू होण्याआधी ते काढायचं ठरलं होतं. पुढचे दात गेले की फुंकताना ओठांना आधार राहत नाही. या वयात नव्याने कोण शिकणार? तालीम संपल्यावर ते मला म्हणाले, "ताई, दात जायच्या आत एकदा तरी चाल द्या मला."

मी मुद्दाम चेलोची संथ चाल असलेला तुकडा निवडला आणि ती चाल त्यांना दिली. मास्तरांसाठी व्हायोलिनची मागची सळसळ उचलली, पदरच्या चार गिरक्या घातल्या आणि पान काळंकुट्ट करून टाकलं. मास्तरांनी सगळी पानं चाळली आणि नेमकं तेच उचललं.

"हे इथे दुसऱ्या कोणाला झेपायचं नाही," म्हणाले.

मी मान डोलावली.

कार्यक्रमात मास्तर लालबुंद होऊन वरच्या सुरांत भिरभिरत राहिले. खालून चाल आली, भरदार, कसलीही घाई नसलेली. शाळेच्या सभागृहातल्या खुर्च्यांची करकरही थांबली.

टाळ्या अर्थातच मास्तरांनी वाकून घेतल्या. मग ते युफोनियमवाल्यांकडे वळले. "तुम्ही फार पुढे येत होतात. साथ साथीसारखी असावी."

"होय, मास्तर." ते वाद्याच्या नळीत साठलेलं वाफेचं पाणी झटकत होते. मास्तर गेल्यावर मला म्हणाले, "ताई, आता काढूंदेत दात."

दात काढले. परवा मास्तरांचा निरोप आला: तसलंच अवघड काहीतरी लिहा, फक्त साथीला जरा शांत माणूस बघा.