पाचवी सही

माझी चित्रं कुणी भिंतीवर टांगत नाही. ती काठीला टोचून शेताच्या कोपऱ्यात उभी करतात. आमच्या जालना जिल्ह्यात लावणी झाली की बियाण्याचं रिकामं पाकीट फेकून देत नाहीत. कोणतं वाण कुठं लावलं ते लक्षात राहावं म्हणून ओळीच्या टोकाला काठी रोवतात आणि तिच्यावर ते अडकवतात. उन्हानं त्याचा रंग विटतो, शेळ्या कोपरे चघळतात. त्या पाकिटांवरची भेंडी, दोडकी, कारली मी काढलेली असतात. परतूरच्या गाडीत बसले की शेताच्या कडेला कुठंतरी काही चमकतं, आणि शेजारच्या अनोळखी बाईला ते चित्र माझं आहे हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

चित्रकलेच्या कॉलेजातून आम्ही बाहेर पडलो ते दाही दिशांना गेलो. एक जण पुण्यात कॉम्प्युटरवर कार्टून हलवतो. एक जण लग्नाचे स्टेज सजवतो, आणि आमच्यात सगळ्यात सुखी तोच आहे. एकीचं टॅटूचं दुकान आहे. दोघे शाळेत चित्रकलेचे शिक्षक म्हणून लागले आणि गणिताचे तास घेतात. एकाची मुंबईत प्रदर्शनं भरतात. मी बियाण्याच्या कंपनीत चित्रं काढते असं सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, "म्हणजे लेबलं?" मी म्हटलं, "हो, लेबलं. तुझं चित्र बघून कुणी रानात काय लावायचं ते ठरवतं का?" तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

हा तोरा मात्र पहिल्या दिवसापासूनचा नाही. पदवी हातात पडल्यावर दोन वर्षं मी घरी बसून होते. परतूरजवळच्या आमच्या खेड्यात चित्रकलेची पदवी कशाशी खातात ते कुणाला माहीत नव्हतं. गणपतीची कमान रंगवायची असली की माझी आठवण व्हायची, तेवढंच. शेवटी काकांनी बैठकीत विषय काढला, "चित्रं लई झाली. आता पाहुणे बघायला येऊ द्या." दादा, म्हणजे माझे वडील, तंबाखू मळत बसले. मायच बोलली. "दिवाळीपर्यंत थांबा," ती म्हणाली, "मंग काय करायचं ते करा."

त्याच उन्हाळ्यात मला जालन्याला काम मिळालं. कंपनीचे मालक म्हणजे सेठजी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले होते, पण सेठजी स्वतः आमच्यापेक्षा अस्सल मराठवाडी बोलायचे. त्यांनी बजावलं, "पहिलं पाकीट करून दाखव. जमलं तर बराबर, न्हाई जमलं तर राम राम." पाकीट होतं भेंडीचं. नवीन वाण, हिरवीगार, पाच शिरांची. मी मोंढ्याच्या बाजारातून ताजी भेंडी आणली, पांढऱ्या कापडावर मांडली आणि कॉलेजात शिकवलं होतं तशी सावलीसकट उतरवली. मग पाकिटाच्या उभ्या जागेत एक झाड काढून त्याला ती लटकवली. लांब, सडपातळ, झुंबरासारखी. मला स्वतःला ती फार आवडली.

छपाईला जाण्याआधी चित्राबरोबर मंजुरीचा एक कागद फिरायचा. त्यावर चार चौकटी होत्या, चार साहेबांच्या चार सह्यांसाठी. सेठजी सगळ्यांच्या खाली, चौकटीशिवाय सही करायचे. वाणाचं काम बघणाऱ्या साहेबांनी भेंडीच्या शिरा मोजल्या, पाच भरल्या, सही ठोकली. विक्रीवाल्यांना हिरवा रंग पसंत पडला. छपाईवाल्यांनी मापं बघितली. चौथ्यांनी आधीच्या तीन सह्या बघितल्या. सोमवारी सकाळी सेठजी शेवटची सही करणार आणि माझी नोकरी पक्की होणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी तर पेढ्यांचा पुडा घेऊनच रविवारी घरी गेले.

घरी चित्राचा नमुना दादांनी हात पुसून धरला, काकांनी चष्मा लावून बघितला. काका म्हणाले, "फोटोच हाय की!" माय चुलीपुढून उठून आली. तिला वाचता येत नाही. नावावरून बोट न फिरवता तिनं सरळ चित्राकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"अगं, ही भेंडी अशी लोंबून का राह्यली? वाळून मेली का काय?"

मला कळेना. तिनं काकांच्या हातातून नमुना घेतला आणि उलटा धरला. "अशी असती. भेंडी खाली बघत न्हाई बाई. लोंबती ती चवळी. भेंडी देठावर उभी ऱ्हाती, टोक वर करून."

चार वर्षं मी चित्रकला शिकले. कापडावरचं फळ, बरणी, पितळी तांब्या, सगळं हुबेहूब काढायचे. पण भेंडी मी कायम ताटात, टोपलीत आणि बाजारातच बघितली होती. शेतकऱ्याची पोर असून! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साहेबांना कळलं नाही ते एक वेळ सोडून देऊ, पण मला?

काका म्हणाले, "जाऊ दे गं, कोण बघतंय एवढं? सह्या झाल्या ना?" खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. सोमवारी गप्प बसले असते तर नोकरी माझी होती. बोलले असते तर पहिल्याच पाकिटात चुकलेली पोरगी म्हणून घरी, आणि घरी पाहुणे. मी मायकडे बघितलं. ती नमुना पुन्हा सुलटा करून न्याहाळत होती. "मी दुकानात गेले आन असं पाकीट दिसलं," ती म्हणाली, "तर मी न्हाई घेणार. ज्याला भेंडी ठाव न्हाई त्याचं बी कोण घेईल?"

सोमवारी मी पहिल्या गाडीनं जालन्याला गेले आणि सेठजींच्या दारात उभी राहिले. ते पेनाचं टोपण काढून बसलेच होते.

"सही करू नका," मी म्हटलं. "चित्र चुकलं."

"चार जनांच्या सह्या हायेत."

"तरी चुकलं. भेंडी वर असते, मी खाली लोंबवली."

सेठजींनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. तोंडावरून काही कळेना. मग त्यांनी चारही साहेबांना बोलावलं आणि एकेकाला एकच गोष्ट विचारली, "भेंडी कुठं बघती?" वाणवाले साहेब कागदाकडे बघून लाल झाले. विक्रीवाले म्हणाले, "सेठजी, एवढं कोण बघतं?" सेठजी त्यांच्यावर असे भडकले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "ज्यांना वाचता येत न्हाई ते काय बघून घेतात? पाकिटावरचं तुमचं इंग्लिश?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कोणं सांगितलं?"

"माझ्या मायनं."

"काय करती ती?"

"भेंडी तोडते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "दोन दिवस देतो," ते म्हणाले. "टेबलावर बसून न्हाई काढायचं. रानात जाऊन काढ. आन ह्या कागदावर तिची सही घेऊन ये. पाचवी."

म्हणजे राम राम झाला नव्हता, पण टळलाही नव्हता. मंगळवारी उजाडताच मी आमच्या विहिरीकडेच्या वाफ्यात चित्राची फळी मांडून बसले. भेंडीची फुलं फिकट पिवळी असतात, मध्ये गडद तांबडी. माय म्हणाली, "जल्दी काढ, दुपारी मिटतंय ते." मी पान सारायला हात घातला आणि मनगटापर्यंत खाज सुटली. बारीक लव टोचली होती. मायचे हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. बोटांवर फडकं गुंडाळलेलं, तरी कातडी चिरलेली.

"मला कधी तोडायला का नाही नेलंस?" मी विचारलं. "सगळ्या पोरी जायच्या."

"खाज सुटल्यावर पेन्सिल धरता येती व्हय?" ती म्हणाली आणि पुढच्या झाडाला लागली.

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. मला भेंडी काढता येत नव्हती याचं कारण, माझ्या वाट्याची भेंडी तिनं तोडली होती.

चित्र संध्याकाळपर्यंत झालं. भेंड्या टोकं वर करून उभ्या, शेंड्याजवळ एक मिटत आलेलं फूल, एका पानाला किडीचं भोकसुद्धा. मायनं बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. मग मी मंजुरीचा कागद पुढं केला. चार सह्यांच्या खाली मी पट्टीनं पाचवी चौकट आखली होती. रेशन असो, बँक असो, ग्रामसभा असो, मायनं जन्मभर अंगठाच दिला होता. मी म्हटलं, "शाई शोधते, थांब." ती म्हणाली, "शाई कशाला? पेन्सिल दे की तुझी." तिनं ती मुठीत धरली, विळा धरतात तशी, आणि जीभ दातात धरून त्या चौकटीत काहीतरी ओढत बसली. इतका वेळ लावला की दादा दोनदा डोकावून गेले.

बुधवारी सेठजींनी आधी चित्र बघितलं आणि मग कागद. पाचव्या चौकटीवर त्यांचं बोट थांबलं. "हे काय?"

"मायची सही."

त्या चौकटीत एक बोटभर भेंडी होती. वाकडी, जाड, पण पाच रेघांची, देठ खाली आणि टोक वर. कॉलेजात मला बक्षिसं मिळाली होती, पण अभिमानानं छाती भरून येणं म्हणजे काय ते मला त्या टेबलासमोर कळलं.

सेठजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद हातात फिरवून भेंडी कुठं बघते ते नीट तपासलं. "बराबर," ते म्हणाले, आणि तिच्याखाली आपली सही केली.